परकारवहिनींचं तिसरं शून्य

परकारवहिनी चहाचे पैसे देत.

आमच्या पालक मंडळाच्या बैठकीत चहा यायचा तो मस्कतमधल्या अल् खुवैरच्या एका उडपी हॉटेलातून, थर्मासमधून, आणि तो सगळ्यांना फुकट असे. फुकट म्हणजे मंडळाच्या खर्चाने. वहिनी कप उचलण्याआधी पर्समधून पन्नास बैसांची दोन नाणी काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत. टण्, टण्. आम्ही बाकीचे आठ जण तो आवाज न ऐकल्यासारखं करत असू, पण त्यानंतरचा पहिला घोट जरा कडू लागायचा हे खरं.

एकदा आमचे अध्यक्ष इनामदारसाहेब हसून म्हणाले, "मिसेस परकार, तुमच्या शंभर बैसांवाचून मंडळ काही बुडत नाही."

"बुडणारं मंडळ शंभर बैसांनीच बुडतं, साहेब," वहिनी म्हणाल्या. "हजारांवर सगळ्यांचं लक्ष असतं."

रुकय्या परकार हे त्यांचं पूर्ण नाव, आणि मंडळाच्या त्या कोषाध्यक्ष. माहेर मंडणगडकडचं, सासर दापोलीचं. लग्नाआधी सहा वर्षं त्या एका पतसंस्थेत रोखपाल होत्या आणि त्या नोकरीतून त्यांनी दोन गोष्टी उचलल्या होत्या: कानावरची पेन्सिल आणि माणसांविषयीचं मत. पेन्सिल राखाडी स्कार्फमध्ये अशी खोचलेली असे की फक्त टोक दिसावं. मत मात्र लपवलेलं नसे. युसुफभाईंचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, बरकाला मासळी बाजाराजवळ किराण्याचं दुकान होतं. राहायला बौशरला, मुलीच्या शाळेसाठी. युसुफभाई रोज पहाटे पिकअप घेऊन बरकाला जात आणि दर गुरुवारी दुकानाच्या बिलांचा गठ्ठा घरी आणत. तो वहिनी खिडकीत बसून तपासत. "मासा आणि हिशेब उजेडात बघावा," असं त्यांचं म्हणणं. बैठकीतही वही घेऊन त्या उठून खिडकीशी जात. साहेबांचं भाषण चालू असलं तरी.

लोकांच्या घरच्या चहाचा त्यांचा नियम वेगळा होता. ज्याच्यावर विश्वास, त्याच्याकडे दोन कप, दुसरा मागून. ज्याच्यावर नाही, त्याच्याकडे "आत्ताच घेऊन आले." मी मंडळाचा सेक्रेटरी आणि आमची बिल्डिंग त्यांच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे सुरुवातीला त्या आमच्याकडे वरचेवर येत. दोन कप घेत.

आता मंडळाविषयी. शाळा भारतीय, मुलं हजारांनी, आणि त्यात मराठी पालकांचं हे मंडळ वीसेक वर्षं शाळेच्या पदराखाली सुखाने जगत होतं. वर्षाच्या फीबरोबर मराठी पालकांकडून दोन रियाल जादा घेतले जात, शाळेचा मल्याळी अकाउंटंट ते वेगळे लिहून ठेवी, आणि आम्ही चिठ्ठी पाठवली की पैसे मिळत. त्यातून शुक्रवारचा मराठीचा वर्ग चाले, पुस्तकं येत, आणि ज्यांच्या बापाचा पगार अडकला आहे अशा पोरांची फी भरली जाई. हे शेवटचं काम गाजावाजा न करता व्हायचं आणि खरं काम तेवढंच होतं.

गेल्या दशकाच्या मध्यावर शाळेत नवे प्रिन्सिपॉल आले. त्यांनी आम्हाला सहा ओळींचं पत्र दिलं. यापुढे मंडळाचा पैसा शाळेच्या वहीत राहणार नाही, तुमची शिल्लक घ्या आणि स्वतंत्र व्हा.

साधा माणूस अशा पत्राने घाबरला असता. इनामदारसाहेब फुलले. ते एका मोठ्या कंत्राटदार कंपनीत खरेदी खात्याचे प्रमुख होते आणि जुलैतसुद्धा ब्लेझर घालत. मस्कतमध्ये जुलैत ब्लेझर घालणारा माणूस एक तर एसीतून एसीत जाणारा असतो किंवा स्वतःच्या प्रेमात असतो. साहेब दोन्ही होते. स्वातंत्र्यावर ते चाळीस मिनिटं बोलले. मग त्यांनी मंडळासाठी बोधचिन्ह दाखवलं. त्यात मोर, खंजीर, किल्ला, पुस्तक आणि समई होती. एवढ्यांना बसायला जागा नव्हती म्हणून मोर उभा होता. मग तीन रबरी शिक्के निघाले: एक मंडळाचा, एक 'अध्यक्ष' असा आणि एक 'संस्थापक अध्यक्ष' असा. मंडळ वीस वर्षांचं आणि साहेब सात वर्षांपूर्वी मस्कतला आलेले, हा तपशील कुणी काढला नाही.

टाळ्या संपल्यावर वहिनींनी विचारलं, "पैसे कुठं ठेवायचे?"

कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. त्या देशात नोंदणी नसलेल्या मंडळाला बँक खातं देत नाही, आणि नोंदणी आमच्या कुवतीबाहेरची होती. वहिनी म्हणाल्या, दोघांच्या नावाने साधं जोडखातं काढू, अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष, दोघांच्या सहीशिवाय पैसा हलणार नाही.

"बघू, बघू," साहेब म्हणाले. "इन्शाल्ला."

गल्फमध्ये काही वर्षं राहिलेल्या माणसाला या 'इन्शाल्ला'चा अर्थ सांगावा लागत नाही. शाळेने चेक साहेबांच्या नावाने काढला, एक हजार आठशे चाळीस रियालचा, आणि तो साहेबांच्या पगाराच्या खात्यात गेला; तिथून रोख काढून ते वहिनींना देणार होते. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. मलाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत साहेब पुण्याहून पावती-पुस्तकं छापून घेऊन आले. आमच्यात ही रीतच होती. पत्रिका, लेटरहेड, पावत्या, काहीही असो, गावी गेलो की छापून आणायचं. मस्कतच्या दराच्या चौथ्या हिश्श्यात होतं. पुस्तकं देखणी होती. कडेने द्राक्षाच्या वेलीची चौकट, वर उभा मोर. सगळे वा वा करत असताना वहिनींनी एक पुस्तक खिडकीशी नेलं आणि हसू लागल्या. त्या क्वचित हसत, म्हणून सगळे थांबले.

"काय झालं?"

"साहेब, बैसांची खोली केवढी काढलीय बघा. दोन माणसांची. आपल्याकडे तीन झोपतात."

प्रेसवाल्याने रुपये-पैशांची नेहमीची आखणी उचलून वर रियाल-बैसा छापलं होतं. पैसे दोन आकडी असतात. बैसा हजार मिळून रियाल होतो, त्यामुळे तिथे कायम तीन आकडे लागतात. कुठल्याही दुकानाचं बिल बघा, पन्नास रियाल असले तरी पुढे टिंब आणि तीन शून्यं. आमच्या पावतीवर तिसरं शून्य रेघेच्या बाहेर जाई. साहेबांनी "टेक्निकल बाब" म्हणून विषय संपवला, आणि पुढची काही वर्षं आमची तिसरी शून्यं द्राक्षांच्या वेलीत लटकत राहिली.

त्याच सुमारास तेलाचे भाव उतरले आणि कंपन्यांचे पगार थकू लागले. कुडाळकडचे सावंत क्रेन चालवत. त्यांना चार महिने पगार नव्हता आणि मुलीला शाळेने परीक्षेआधी फीची नोटीस दिली होती. साहेबांनी सुचवलं की मदतीचा चेक वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर द्यावा, मोठ्या आकाराचा, पुठ्ठ्याचा. फोटो चांगला येतो.

"पोरीच्या फीचा फोटो नाय काढायचा," वहिनी म्हणाल्या. चिडल्या की त्यांच्या तोंडी 'नाही'चं 'नाय' व्हायचं.

"अहो, पण पारदर्शकता—"

"वहीत इयत्ता लिहा. इयत्ता आठवी, एवढी रक्कम. नाव कशाला? उद्या ती पोर त्याच वर्गात बसणार आहे."

तसंच झालं. पैसे द्यायला त्या स्वतः सावंतांच्या खोलीवर गेल्या आणि मी बरोबर होतो. सावंतांच्या बायकोने दुधाचा चहा केला. वहिनींनी दुसरा कप मागून घेतला. त्या घरात दूध मोजून येत होतं हे त्यांना दिसत होतं, पण अशा ठिकाणी चहा नाकारणं हा अपमान असतो, हेही त्यांना कळत होतं. येताना जिन्यात म्हणाल्या, "भाऊ, या पैशाला हात लावणाऱ्याचं वाटोळं होईल." म्हण म्हणून नव्हे, पावसाचा अंदाज सांगावा तसं म्हणाल्या.

हात लागलेलाच होता. ते आम्हाला वार्षिक सभेत कळलं.

जमाखर्च वाचताना वहिनींनी साहेबांकडून आलेली रक्कम एक हजार तीनशे नव्वद रियाल सांगितली. साहेबांनी चष्मा काढला.

"मिसेस परकार, मी आपल्याला पूर्ण रक्कम दिली आहे. अठराशे चाळीस."

"तेराशे नव्वद दिलेत. राहिलेले पुढच्या आठवड्यात देतो म्हणालात."

"माझी सही आहे का तशी?"

नव्हती. जो माणूस चहाचे शंभर बैसा डब्यात टाकतो, त्याने सही न घेता नोटा घेतल्या होत्या. आयुष्यात एकदाच. हे कसं झालं ते त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं. शाळेच्या पार्किंगमध्ये साहेबांनी गाडीची काच खाली करून पाकीट दिलं. वहिनींनी नोटा मोजल्या आणि सहीसाठी डायरी पुढे केली. साहेब म्हणाले, "आपल्या माणसांत सह्या कसल्या?" आणि मग, तसंच सहज, "युसुफभाईंचं कॅम्पचं काम नीट चाललंय ना?" साहेबांच्या कंपनीच्या कामगार-कॅम्पला तांदूळ, डाळ, तेल युसुफभाईंच्या दुकानातून जाई. दुकान त्यावर उभं होतं. वहिनींनी डायरी मिटली आणि पेन्सिल स्कार्फमध्ये परत खोचली.

सभेत कुजबुज सुरू झाली. मागून कुणी तरी म्हणालं, "दुकानदाराच्या घरी रोख ठेवल्यावर असंच व्हायचं. फिरवले असतील धंद्यात." साहेबांनी हात वर करून शांत केलं. मोठ्या मनाने. "कुणावर आरोप नको. सेक्रेटरी, एवढंच लिहा: कोषाध्यक्षांकडे चारशे पन्नास रियाल कमी आढळले."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या चेकचे पैसे कुणाच्या खात्यात गेले हे मला ठाऊक होतं. बँकेचा कागद मागा, एवढं मी म्हणू शकलो असतो. पण आमची कंपनी साहेबांच्या कंपनीची पोट-कंत्राटदार होती, शिवाय माझी आणखीही कारणं होती. भित्र्या माणसाला कारणांची कधी टंचाई पडत नाही. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

सहाव्या दिवशी, परीक्षेची फी भरायच्या आदल्या दिवशी, त्यांनी कमिटीला बोलावलं. टेबलावर चारशे पन्नास रियाल ठेवले. रुवीच्या बाजारात सोनाराकडे दोन बांगड्या मोडून आल्या होत्या. मनगटावर त्यांचे पांढरे वण होते.

"पोरांची फी थांबायला नको," त्या म्हणाल्या. "आणि मला पावती द्या."

साहेबांनी पावती स्वतः लिहिली. तिन्ही शिक्के मारले. मग म्हणाले, "आता या पदावर राहायचं की नाही, हा आपला निर्णय."

"राहणार."

"लोक काय म्हणतील—"

"काढायचं असेल तर काढा. मी जाणार नाय."

काढणार कोण? दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं. साहेबांना तो स्वतःचा विजय वाटला. मला मात्र त्या पावतीची त्यांनी कशी घडी घातली ते आठवतं. चार घड्या, प्रत्येक नखाने दाबून.

पुढची दोन वर्षं त्यांनी बांगड्या घेतल्या नाहीत. काचेच्याही नाहीत. दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, साहेबांच्या बरोबर समोर, उघडे हात मांडीवर ठेवून बसत. साहेब माइकवर आले की त्या हात गुडघ्यांवर सरकवत. साहेबांचं बोलणं त्या काळात दहा मिनिटांनी कमी झालं, हा मंडळाला झालेला फायदा. दर वार्षिक सभेत त्या मागल्या सभांचं इतिवृत्त वाचायला लावत, पहिल्यापासून. ते मी वाचत असे. माझ्याच अक्षरातली ती ओळ माझ्याच आवाजात. त्या मान हलवत, जणू काही तपासून बघत आहेत की ओळ अजून जागेवर आहे. आमच्या घरी यायचं त्यांनी बंद केलं होतं. वाटेत भेटल्या तर "आत्ताच घेऊन आले" म्हणत. मी चहाचं विचारलेलंही नसे.

मग बिल आलं.

वार्षिक कार्यक्रमाच्या स्मृतिचिन्हांचं बिल. रुवीच्या कुठल्याशा दुकानाचं, दोनशे साठ रियाल आणि वर पन्नास. साहेबांनी पैसे आधीच स्वतःच्या खिशातून दिले होते म्हणे, आता मंडळाकडून परत हवे होते. वहिनींनी बिल खिडकीशी नेलं. बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काही तरी बोलतील. त्यांनी परत येऊन पैसे मोजून दिले.

"सही करा, साहेब. आणि शिक्के."

"तिन्ही?" साहेब हसले.

"तिन्ही."

त्या वर्षी साहेबांनी कार्यक्रमाला कंपनीच्या अर्बाबांना, म्हणजे मालकांना, बोलावलं होतं. वयस्क ओमानी गृहस्थ, पायघोळ पांढरा डिश्डाशा, हातात काठी. तरुणपणी मुंबईला व्यापार केलेले, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा बरी. प्रिन्सिपॉलही आले होते. वार्षिक अहवालाचं प्रकाशन अर्बाबांच्या हस्ते. अहवाल पारदर्शक हवा, असं साहेबांनीच ठरवलं होतं. सगळ्या पावत्या-बिलांच्या प्रती त्यात जोडा, असा त्यांचाच आग्रह. तो बांधून घेण्याचं काम वहिनींनी केलं.

रिबीन सुटली, टाळ्या झाल्या, प्रती सगळ्यांना वाटल्या गेल्या. कोषाध्यक्ष म्हणून वहिनी माइकवर आल्या. हिंदीत म्हणाल्या, "साहब, पान नौ देखिए." बस्स, एवढंच.

नवव्या पानावर डाव्या बाजूला मंडळाची कोरी पावती होती आणि उजव्या बाजूला रुवीच्या दुकानाचं बिल. अर्बाबांनी चष्मा लावला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. डावीकडे द्राक्षांची वेल, उजवीकडे द्राक्षांची वेल. मग ते मोकळेपणाने हसले. त्यांना यात कुणी अडकत आहे हे कळलंच नव्हतं.

"ये किधर का दुकान है? उमान में बैसा तीन नंबर होता है. ये दो लिखा है. पचास है के पाँच सौ?" आणि शेजारी बसलेल्या साहेबांच्या पाठीवर थाप मारून, "इनामदार, तुम तो परचेज़ देखता है! मेरे को भी ऐसा बिल देता है क्या?"

सभागृहातली अडीचशे माणसं एकदम पानं उलटू लागली. साहेबांनी ब्लेझरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "हे... छपाईतली... दुकानदाराने बहुधा पुण्याहून..."

"आपण ज्या प्रेसला पावत्या छापल्या त्याच प्रेसमधून?" वहिनींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "दुकानाचा फोन मी लावला होता, साहेब. तो कुणी उचलत नाय. पत्त्यावर गेले. तिथं लाँड्री आहे."

मागच्या रांगेतून सावंत उठले. त्या दिवसापर्यंत ते सभेत कधी बोललेले नव्हते. "साहेबानू, मगे त्या चारशे पन्नासाचोय कागद एकदा बघूया. शाळेचो चेक तुमच्या खात्यात इलो होतो. बँकेकडना कागद आणा, किती काढलात ता दिसात."

"हा माझ्यावर अविश्वास आहे!" साहेब ओरडले.

"होय," वहिनी म्हणाल्या. "पाटणकरभाऊ, लिहून घ्या."

मी लिहिलं. इतक्या आनंदाने मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, आणि त्या आनंदावर माझा काही हक्क नव्हता.

बँकेचा कागद आला नाही. पाकीट आलं. आधी साहेबांनी निरोप पाठवला की घरी या, चहा घेऊ, आपसात मिटवू. वहिनींनी कळवलं, कमिटीसमोर आणा. साहेब आले. ब्लेझर नव्हता, ब्लेझरशिवाय ते बरेच लहान दिसत. पाकिटात सातशे दहा रियाल आणि वरचे पन्नास होते. पन्नास बैसा की पाचशे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला होता: पाचशे ठेवले होते. वहिनींनी दोनदा मोजले. बिलाचे मंडळाच्या डब्यात टाकले, चारशे पन्नास स्वतःच्या पर्समध्ये ठेवले.

"माझे आहेत," त्या म्हणाल्या. "दान करते असं कुणाला वाटत असेल तर वाटू नये."

साहेबांना त्यांनी पावती लिहून दिली. शिक्का एकही मारला नाही. तिसरं शून्य वेलीत गेलं, तेव्हा त्या थांबल्या, ते जरा ठळक केलं आणि पावती पुढे सरकवली. मग माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही. सदर रक्कम अध्यक्षांकडेच राहिली होती, ती त्यांनी आज परत केली, असं लिहा."

मी इतिवृत्ताची वही उघडली, जुनी ओळ शोधली आणि तिच्यावर आडवी रेघ मारायला पेन टेकवलं. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"वरचं खोडू नका. त्याच्या खाली लिहा."

"पण ते खोटं आहे, वहिनी."

"म्हणूनच. खोडलं तर तुम्ही सुटाल."

साहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपद सोडलं. कंपनीने त्यांना दुक्मला, वाळवंटातल्या एका साइटवर पाठवलं. तिथे ब्लेझर कुणी बघत नाही. पण जाण्याआधी खरेदी खात्यात त्यांचा जेवढा अधिकार उरला होता तेवढा वापरून त्यांनी कॅम्पचा किराणा दुसऱ्या दुकानाला दिला. युसुफभाई एकदा आमच्या बिल्डिंगखाली भेटले, पिकअपमध्ये रिकाम्या पोत्यांची चळत होती. "हिच्या चारशे पन्नासानं मला दुकानाचा अर्धा धंदा पडला," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही. "मी तिला म्हटलं तसं. तर म्हणते कशी, पडूदे. पुन्हा होईल धंदा. नाव पुन्हा होत नाय."

धंदा पुन्हा झाला नाही. दोनेक वर्षं ओढून त्यांनी दुकान विकलं आणि दापोलीला परतायचं ठरवलं. मी एकदा वहिनींना म्हणालो होतो, आता तरी बांगड्या घ्या. त्यांनी मनगटं पुढे करून बघितली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. "मोकळे हात बघून लोकांना आठवण राहते," त्या म्हणाल्या. कोणत्या लोकांना, ते मी विचारलं नाही.

जाण्याच्या आठवड्यात त्या वह्या द्यायला आमच्या घरी आल्या. नवा कोषाध्यक्ष मी होतो; दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं. चार वर्षांनी त्या आमच्या सोफ्यावर बसत होत्या. नाही, बसल्या नाहीत. खुर्ची बाल्कनीच्या दाराशी ओढून घेतली. एकेक पान उजेडात धरून दाखवलं, प्रत्येकावर माझी सही घेतली. रोकड दोनदा मोजायला लावली. शेवटी डबा दिला, तो बिस्किटांचा.

बायकोने चहा आणला. वहिनींनी कप उचलला, बशीत ओतला आणि प्यायल्या. संपवला. इतका हलका मी बऱ्याच वर्षांत झालो नव्हतो. "आणखी घ्या ना, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पर्स उघडली. दोन नाणी काढून डब्यात टाकली. टण्, टण्.

"अहो, हे काय!" बायको म्हणाली. "घरचा चहा आहे!"

"घर तुमचं आहे, बाई. चहा फार चांगला झाला होता." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डबा यांचा आहे. भाऊ, पावती द्या."

मी पावती-पुस्तक उघडलं. रियालच्या खोलीत शून्य, बैसांच्या खोलीत शंभर. एक आणि शून्य आत मावले. तिसरा आकडा रेघेबाहेर, वेलीत गेला. सही करून पावती फाडली. त्यांनी ती घेतली, चार घड्या घातल्या, नखाने दाबल्या, आणि गेल्या.

खाली युसुफभाई हॉर्न वाजवत होते. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. पिकअप वळणावर ट्रॅफिकमध्ये अडकली होती. खिडकीतून वहिनींचा उघडा हात बाहेर आलेला दिसत होता. मला वाटलं, आता हलवतील. त्यांनी पावतीच्या घड्या उलगडल्या होत्या आणि ती उन्हात धरून त्या पुन्हा एकदा तपासत होत्या.